तीन दिवसांचा बंद, सात वर्षांचं स्थलांतर

ऑगस्ट २००८मध्ये नेटफ्लिक्सचा मुख्य डेटाबेस खराब झाला आणि पुढचे तीन दिवस कंपनीला ग्राहकांकडे डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. तेव्हाचं नेटफ्लिक्स म्हणजे प्रामुख्यानं टपालाचा धंदा. ग्राहकानं वेबसाइटवर हव्या त्या सिनेमांची यादी लावायची, लाल पाकिटातून डीव्हीडी घरी यायची, पाहून झाली की टपालानंच परत जायची आणि ती पोचल्याची नोंद झाली की यादीतली पुढची निघायची. ग्राहक होते ८० लाखांहून अधिक. इंटरनेटवरून थेट सिनेमा दाखवण्याची सोय २००७ साली सुरू झाली होती, पण पोट भरत होतं ते पाकिटांवर. त्या तीन दिवसांत गोदामं शाबूत होती, डीव्हीडी जागच्या जागी होत्या, टपालखातंही चालू होतं. कोणती डीव्हीडी कोणाला पाठवायची हे सांगणारी नोंद तेवढी हाताशी नव्हती.

अशा बिघाडानंतर बहुतेक कंपन्या काय करतात ते आपल्याला ठाऊक आहे. आणखी मोठा सर्व्हर येतो, आणखी एक बॅकअप घेतला जातो, चौकशी अहवाल लिहिला जातो आणि एक-दोघांच्या बदल्या होतात. नेटफ्लिक्सच्या अभियंत्यांनी बिघडलेल्या डेटाबेसपेक्षा त्याच्याभोवतीच्या मांडणीकडे पाहिलं. सगळी कामं एका मोठ्या डेटाबेसवर येऊन टेकत होती. भार वाढला की उपाय एकच, आणखी मोठं यंत्र घ्या. आणि ते यंत्र पडलं की सगळंच पडणार. कंपनीनं ठरवलं की आपली डेटा सेंटर वाढवत बसायचं नाही, ॲमेझॉनच्या क्लाउडवर जायचं. हे काम पुरं व्हायला जानेवारी २०१६ उजाडला.

म्हणजे सात वर्षं लागली. क्लाउड विकायला येणाऱ्यांच्या सादरीकरणात स्थलांतराची मुदत सहसा महिन्यांत मोजलेली असते. ‘डिजिटल ट्रान्सफॉर्मेशन’ हे शब्द आता साखर कारखान्यापासून विमा कंपनीपर्यंत सगळ्यांच्या वार्षिक अहवालात दिसतात आणि ‘आम्ही क्लाउडवर गेलो’ हा त्याचा पुरावा मानला जातो. मग जिथे अभियंत्यांची कमतरता नव्हती आणि इच्छाशक्तीही होती, त्या कंपनीला सात वर्षं का लागावीत?

भाड्याचे सर्व्हर

क्लाउड आकाशात कुठेही नसतो. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या ॲशबर्न परिसरात, आयर्लंडमध्ये, मुंबईत गोदामासारख्या दिसणाऱ्या अवाढव्य इमारती असतात. आत सर्व्हरच्या रांगा, वीज आणि थंडावा यांची सोय आणि बाहेर जाणाऱ्या ऑप्टिकल फायबरच्या केबली. हे सर्व्हर अनेकांनी वाटून वापरायचे असतात. अमेरिकेच्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी’ या सरकारी संस्थेनं २०११मध्ये क्लाउडची व्याख्या केली आणि त्याची पाच लक्षणं सांगितली. व्यवसायाच्या दृष्टीनं त्यातली तीन मला महत्त्वाची वाटतात. मधे कुणाला विचारावं न लागता मागताक्षणी यंत्र मिळतं, गरजेनुसार ते वाढवता-घटवता येतं आणि जेवढं वापराल तेवढं मोजलं जातं.

ॲमेझॉननं मार्च २००६मध्ये फाइली साठवण्याची ‘एस-थ्री’ ही सेवा आणली, तेव्हा एक गिगाबाइट महिनाभर ठेवण्याचे १५ सेंट पडत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘ईसी-टू’ आली आणि तिथे लहानसा सर्व्हर तासाला १० सेंट भाड्यानं मिळू लागला. आकडे किरकोळ वाटतात, पण त्यांनी ऑफिसातली एक जुनी वाट मोडली. तोवर नवा सर्व्हर हवा असेल तर कोटेशन मागवा, खर्चाला मंजुरी घ्या, माल येण्याची वाट पाहा, मग तो रॅकमध्ये बसवा. यात आठवडे जात. नेटफ्लिक्समध्येही जात होते. आता अभियंता खुर्चीतून न उठता दहा सर्व्हर सुरू करू शकतो आणि संध्याकाळी बंदही करू शकतो. बंद करायला विसरतो, ही वेगळी गोष्ट. अकाउंट्स खात्याची क्लाउडशी ओळख बहुतेकदा या विसरण्यातूनच होते.

एक पुस्तकविक्रेता जगाला सर्व्हर भाड्यानं द्यायला कसा लागला, याची पाळंमुळं ॲमेझॉनच्या अंतर्गत शिस्तीत आहेत. २००२च्या सुमारास जेफ बेझोस यांनी काढलेला एक हुकूम संगणकक्षेत्रात दंतकथेसारखा सांगितला जातो. तो बाहेर आला ॲमेझॉन सोडून गुगलमध्ये गेलेले अभियंते स्टीव्ह येगी यांच्यामुळे. २०११मध्ये सहकाऱ्यांसाठी लिहिलेलं त्यांचं टिपण चुकून सगळ्या जगासाठी खुलं झालं. हुकुमाचा आशय असा होता: प्रत्येक गटानं आपली माहिती आणि आपली कामं ठरलेल्या सेवा-दारातूनच इतरांना द्यायची. दुसऱ्याच्या डेटाबेसमध्ये परस्पर हात घालायचा नाही, मागच्या दारानं काही मिळवायचं नाही. आणि ते दार असं बांधायचं, की उद्या बाहेरच्या लोकांसाठीही उघडता येईल. जो हे पाळणार नाही, त्याची नोकरी जाईल.

यात क्लाउडचा उल्लेखही नाही. कुणाच्या ताब्यात कोणती माहिती, कोण कोणाकडे काय मागू शकतो आणि कोणत्या वाटेनं, एवढंच त्यात आहे. पण ही घडी आत बसल्यावरच तिच्यातली साठवण आणि गणनाची कामं वेगळी काढून बाहेरच्यांना विकता आली. क्लाउडच्या आधी मांडणी आली, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

नकाशे कोणासाठी

या मांडणीच्या शास्त्राला ‘एंटरप्राइझ आर्किटेक्चर’ म्हणतात. नाव भारदस्त आहे आणि त्याच्या नावाखाली भिंतभर तक्ते काढून कपाटात ठेवण्याचा उद्योगही पुष्कळ झाला आहे. मूळ विचार मात्र साधा आहे. आयबीएममधल्या जॉन झॅकमन यांनी १९८७मध्ये ‘आयबीएम सिस्टिम्स जर्नल’मध्ये एक लेख लिहिला. त्यांनी दाखला दिला इमारतीचा. घर एकच असतं, पण मालकाला दाखवायचा नकाशा, वास्तुरचनाकाराचा नकाशा आणि कंत्राटदाराच्या हातातला नकाशा हे तीन वेगळे असतात आणि त्यातला कोणताही दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. कंपनीच्या माहितीयंत्रणेचंही तसंच. संचालकाला दिसतं ते ‘कर्ज’, विश्लेषकाला दिसते कर्जमंजुरीची प्रक्रिया, प्रोग्रॅमरला दिसतात टेबलं आणि त्यांतले रकाने. हे सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत की नाही, हे पाहणारं कुणीतरी लागतं.

अमेरिकी सरकारनं १९९६च्या क्लिंगर-कोहेन कायद्यानं आपल्या खात्यांना असा आराखडा ठेवणं भाग पाडलं. पुढे ‘टोगॅफ’सारख्या पद्धती आल्या, प्रमाणपत्रं आली, सल्लागार आले. त्या तपशिलात जाण्याचं कारण नाही. मला जास्त उपयोगी वाटतं ते एमआयटीतल्या जीन रॉस आणि पीटर वाइल यांनी डेव्हिड रॉबर्टसन यांच्यासोबत २००६मधल्या पुस्तकात मांडलेलं सूत्र. संगणकाचं नाव काढण्याआधी कंपनीनं दोन गोष्टी ठरवाव्यात, असं ते सांगतात. आपल्या वेगवेगळ्या विभागांनी काम एकाच पद्धतीनं करायला हवं का? आणि त्यांच्यातली माहिती किती सामाईक हवी?

बँकेचं पाहा. बचत खात्याचा विभाग, गृहकर्जाचा विभाग आणि क्रेडिट कार्डाचा विभाग यांना ग्राहक एकच दिसायला हवा, म्हणजे इथे माहितीची एकी मोठी. याउलट एखाद्या उद्योगसमूहात सिमेंट, हॉटेल आणि कपडे असे तीन धंदे असतील, तर त्यांना जबरदस्तीनं एका प्रणालीत कोंबणं म्हणजे पैसे देऊन डोकेदुखी विकत घेणं. कुठल्याही क्लाउडवाल्याला या प्रश्नांचं उत्तर देता येत नाही. ते संचालक मंडळाच्या टेबलावरच द्यावं लागतं, आणि नेमकं तिथेच ते टाळलं जातं.

झॅकमन यांच्या आधी जवळपास वीस वर्षं मेल्विन कॉनवे या संगणकतज्ज्ञानं याहून बोचरी गोष्ट सांगितली होती. त्यांचा लेख ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’नं सिद्धता पुरेशी नाही म्हणून नाकारला. मग तो १९६८मध्ये ‘डेटामेशन’ मासिकात छापून आला. संस्था ज्या प्रणाली घडवते, त्या तिच्या आतल्या माणसांच्या बोलण्याचालण्याच्या रचनेचीच नक्कल असतात, असं त्यांचं म्हणणं. दोन खात्यांचे प्रमुख एकमेकांशी बोलत नसतील, तर त्यांच्या प्रणालीही बोलणार नाहीत. आपल्याकडे एकाच कार्यालयाच्या दोन खिडक्यांवर तीच कागदपत्रं दोनदा द्यावी लागतात, तेव्हा कॉनवेचा नियमच आपल्यापुढे उभा असतो. ती दोन्ही खाती क्लाउडवर नेली तर कागदपत्रं दोनदा ‘अपलोड’ करावी लागतील.

आहे तसं उचलायचं नाही

नेटफ्लिक्सपुढे सोपा मार्ग होता. डेटा सेंटरमधल्या प्रणाली जशाच्या तशा उचलून क्लाउडवर ठेवायच्या. या धंद्यातले लोक याला ‘लिफ्ट अँड शिफ्ट’ म्हणतात आणि घाईत असलेल्या कंपन्या हेच करतात. तसं केलं तर डेटा सेंटरमधले सगळे दोषही सोबत येतात, हे नेटफ्लिक्सनं सुरुवातीलाच हेरलं. उलट त्यात एक दोष वाढला असता. क्लाउडमधला सर्व्हर आपला नसतो आणि तो केव्हाही नाहीसा होऊ शकतो. एकाच भक्कम यंत्रावर विसंबलेली प्रणाली अशा जागी नेणं म्हणजे २००८चा बिघाड स्वखर्चानं पुन्हा बोलावणं.

म्हणून त्यांनी एकसंध प्रणाली फोडली. शोधाचं काम एक सेवा करणार, शिफारशींचं दुसरी, ग्राहकाच्या खात्याचं तिसरी. अशा पुढे शेकडो छोट्या सेवा झाल्या. प्रत्येकीचा एक गट, प्रत्येकीची आपली माहिती. आणि प्रत्येक सेवेला एक प्रश्न: शेजारीण बंद पडली तर तू काय करशील? शिफारशींची सेवा बंद असेल, तर ग्राहकाला त्याच्या आवडीचे सिनेमे सुचवता येणार नाहीत. हरकत नाही, सर्वसाधारण लोकप्रिय सिनेमे दाखवा. शोध अगदी मंदावला, तरी जो सिनेमा लागला आहे तो चालूच राहिला पाहिजे. दुकानाचा एक कोपरा अंधारात गेला म्हणून शटर ओढायचं नाही.

हे कागदावर ठरवणं सोपं असतं, खरं होतं की नाही हे कळत नाही. त्यासाठी त्यांनी ‘केऑस मंकी’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. हे माकड प्रत्यक्ष चालू यंत्रणेत घुसून एखादा सर्व्हर अचानक बंद करतं आणि तेही कामाच्या वेळात, अभियंते जागेवर असताना. सगळ्या सात वर्षांच्या कहाणीत मला हा भाग सर्वांत धीट वाटतो. ‘आपत्ती व्यवस्थापन योजना’ नावाची फाइल बहुतेक संस्थांकडे असते. स्वतःच्या हातानं रोज छोटी आपत्ती घडवून आणण्याची परवानगी देणारा वरिष्ठ विरळा.

माहिती फोडणं हे सेवा फोडण्यापेक्षा अवघड निघालं. एका डेटाबेसमध्ये सगळं असतं तेव्हा एक मोठी सोय असते: कोणत्याही क्षणी सगळ्यांना एकच उत्तर मिळतं. माहितीच्या प्रती अनेक सर्व्हरवर पसरल्या, की क्षणभर दोन ठिकाणी दोन उत्तरं असू शकतात. तुम्ही फोनवर सिनेमा यादीत टाकला आणि टीव्हीवर तो दोन सेकंदांनी दिसला तर बिघडत नाही. पैशांच्या बाबतीत हे चालत नाही. ग्राहकाच्या कार्डावर एकाच महिन्याचे पैसे दोनदा पडले, तर ‘थोड्या वेळानं जुळेल’ हे उत्तर पुरत नाही. म्हणूनच बिलिंग सगळ्यात शेवटी हललं. ४ जानेवारी २०१६ रोजी नेटफ्लिक्सचं बिलिंग पूर्णपणे क्लाउडवर आलं आणि दोनच दिवसांनी, ६ जानेवारीला, कंपनीनं एका दमात १३०हून अधिक देशांत सेवा सुरू केली. भारत त्यातलाच एक.

सात वर्षांपैकी बरीचशी दोन्ही डगरींवर पाय ठेवून गेली. अर्ध्या सेवा जुन्या डेटा सेंटरमध्ये, अर्ध्या क्लाउडवर आणि मधे दोन्हीकडच्या नोंदी जुळवणारे तात्पुरते पूल. ही अवस्था महाग असते, कंटाळवाणी असते आणि त्यातून नवं काही दिसत नसल्यानं वरिष्ठांना दाखवायलाही काही नसतं. बरेच प्रकल्प इथेच गळाठतात. नेटफ्लिक्सचा नाही गळाठला, कारण त्याच काळात प्रेक्षक वाढत होते. २००८च्या तुलनेत ऑनलाइन ग्राहक आठपट झाले आणि पाहण्याचे तास हजारपटीच्या घरात गेले. त्या वेगानं डेटा सेंटर बांधणं शक्यच नव्हतं, असं त्यांचेच लोक सांगतात. कामाची पद्धतही बदलली. मध्यवर्ती मंजुऱ्या आणि ठरावीक दिवशी सगळ्यांनी मिळून बदल सोडणं बंद झालं आणि प्रत्येक गट आपल्या सेवेपुरता निर्णय घेऊ लागला. कॉनवे बरोबर असेल, तर हे करणं भागच होतं. गट एकमेकांत अडकलेले ठेवून सेवा सुट्या झाल्या नसत्या.

तरीही ठेच लागली. २४ डिसेंबर २०१२ला, नाताळच्या आदल्या दिवशी, ॲमेझॉनच्या एका माणसानं देखभालीचा प्रोग्रॅम चुकून चालू यंत्रणेवर चालवला. भार वाटून देणाऱ्या यंत्रणेची माहिती त्यात पुसली गेली. अमेरिकेतली कित्येक घरं सुट्टीत टीव्हीसमोर बसली होती आणि नेटफ्लिक्स लागेना. कंपनीच्या सेवा फोडलेल्या होत्या, पण अमेरिका खंडांपुरत्या त्या सगळ्या ॲमेझॉनच्या एकाच विभागात, व्हर्जिनियात होत्या. एका डेटाबेसऐवजी आता एका प्रदेशावर भिस्त होती. पुढच्या वर्षभरात त्यांनी तीही मोडली आणि एक प्रदेश पडला तर दुसरा भार उचलेल अशी सोय केली. सप्टेंबर २०१४मध्ये सुरक्षेतल्या एका त्रुटीसाठी ॲमेझॉनला आपले सुमारे दहा टक्के सर्व्हर तडकाफडकी बंद करून पुन्हा सुरू करावे लागले. नेटफ्लिक्सच्या २७००हून अधिक डेटाबेस सर्व्हरपैकी २१८ त्यात गेले, २२ परत उठलेच नाहीत. प्रेक्षकांना काहीही कळलं नाही.

आणि एक गोष्ट त्यांनी क्लाउडवर नेलीच नाही, ती म्हणजे खुद्द सिनेमा. खातं, शोध, शिफारशी, ‘प्ले’चं बटण हे सारं ॲमेझॉनच्या सर्व्हरवर, पण बटण दाबल्यावर येणारं चित्र नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या पेट्यांतून येतं. ‘ओपन कनेक्ट’ नावानं २०१२मध्ये जाहीर झालेल्या या पेट्या इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या जागेत ठेवलेल्या असतात. तीच ती जड फाइल लाखो लोकांना रोज पाठवायची असेल, तर ती प्रेक्षकाच्या जवळ ठेवणंच परवडतं. ‘सगळं क्लाउडवर’ हे धोरण म्हणून कानाला गोड लागतं, पण क्लाउडचं सर्वांत गाजलेलं गिऱ्हाईकसुद्धा त्या मार्गानं गेलेलं नाही.

ड्रॉपबॉक्सनं तर उलटी वाट धरली. लोकांच्या फाइली साठवणं हाच त्यांचा धंदा आणि सुरुवातीची कित्येक वर्षं त्या फाइली ॲमेझॉनच्या एस-थ्रीवर होत्या. पुढे त्यांनी आपली साठवणयंत्रणा बांधली आणि २०१५-१६पर्यंत बहुतेक फाइली तिथे हलवल्या. शेअर बाजारात येताना दिलेल्या माहितीनुसार दोन वर्षांत खर्चात सुमारे साडेसात कोटी डॉलरची बचत झाली. भाड्याचं गणित मागणी वरखाली होणाऱ्याला फायद्याचं असतं. ज्याची मागणी अवाढव्य असूनही स्थिर आहे, त्यानं कॅल्क्युलेटर पुन्हा काढावा.

एका शनिवार-रविवारची गोष्ट

सात वर्षं जास्त वाटत असतील, तर ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेकडे पाहू. लॉइड्स या मोठ्या बँकेतून २०१३मध्ये ती वेगळी काढली गेली, पण तिची खाती लॉइड्सच्याच संगणकप्रणालीवर भाड्यानं चालत राहिली. २०१५मध्ये स्पेनच्या साबादेल बँकेनं टीएसबी विकत घेतली. लॉइड्सचं भाडं वाचवायचं आणि साबादेलच्या ‘प्रोतेओ’ प्रणालीची ब्रिटनसाठी तयार केलेली आवृत्ती वापरायची, असा बेत होता. व्यापारी हिशेबानं त्यात गैर काहीच नव्हतं.

आधी ठरलेली नोव्हेंबर २०१७ची तारीख टळली. मग २०१८च्या एप्रिलमध्ये, २० तारखेच्या शुक्रवारी संध्याकाळी जुनी प्रणाली थांबवली गेली आणि रविवारपर्यंत सुमारे ५२ लाख ग्राहकांची माहिती नव्या प्रणालीवर आणली गेली. माहिती नीट पोचली, यात वाद नाही. कोलमडली ती प्रणाली. लोकांना आपल्या खात्यात शिरता येईना, काहींना दुसऱ्याच कुणाच्या खात्याचे तपशील दिसले, शाखांमध्ये रांगा लागल्या. सगळं पूर्ववत व्हायला डिसेंबर उजाडला. त्या एका वर्षात बँकेला सुमारे ३३ कोटी पौंडांचा फटका बसला, ८० हजार ग्राहक निघून गेले आणि सप्टेंबरमध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी पॉल पेस्टर यांनी पद सोडलं.

बँकेनं नेमलेल्या ‘स्लॉटर अँड मे’ या कायदेसल्लागार कंपनीचा अहवाल नोव्हेंबर २०१९मध्ये आला. नवी प्रणाली दोन डेटा सेंटरमधून एकाच वेळी चालायची होती. भाराची चाचणी झाली ती त्यातल्या एकाच सेंटरमध्ये, आणि दोन्ही सेंटरची जुळणी तंतोतंत सारखी नव्हती. टप्प्याटप्प्यानं ग्राहक हलवण्याऐवजी बहुतांश ग्राहक एकाच झटक्यात हलवायचं ठरलं, त्या निर्णयाला संचालक मंडळानं पुरेसे प्रश्न विचारले नाहीत. तारीख पुढे गेली तेव्हाही, आधीचा अंदाज का चुकला आणि आताचा का चुकणार नाही, हे नीट तपासलं गेलं नाही.

मला सर्वांत बोलका वाटतो तो एका पत्राचा मामला. प्रणाली बांधणारी आणि चालवणारी कंपनी ‘साबिस’ ही साबादेलचीच. तिनं कामाचे तुकडे आणखी अनेक पुरवठादारांना दिले होते. स्थलांतराआधी टीएसबीचे मुख्य माहिती अधिकारी कार्लोस आबार्का यांनी साबिसकडून तयारीची खात्री मागवली. जे लेखी आलं, त्यात पुरवठादारांबद्दल ‘ते तयार असतील’ अशी अपेक्षा होती. ‘ते तयार आहेत’ असा दाखला त्यात नव्हता. ते पत्र पुढे संचालक मंडळाच्या निर्णयाचा आधार बनलं. डिसेंबर २०२२मध्ये ब्रिटिश नियंत्रकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला आणि एप्रिल २०२३मध्ये आबार्का यांना व्यक्तिशः ८१,६२० पौंड. संगणकप्रकल्प फसला म्हणून बँकेला दंड होणं नवं नाही. पुरवठादाराच्या शब्दावर विसंबल्याबद्दल अधिकाऱ्याच्या खिशातून पैसे जाणं मात्र बँकिंग जगताला चांगलंच झोंबलं.

नेटफ्लिक्स आणि टीएसबी यांची सरळ तुलना न्याय्य नाही, हे मान्य. सिनेमा दोन सेकंद थांबला तर चालतं, पगार थांबून चालत नाही. बँकेनं माकड मोकाट सोडावं, असं कुणी म्हणणार नाही. पण एक भाग दोघांना सारखाच लागू होतो. कोण कशावर टेकलं आहे याचं पूर्ण चित्र नेटफ्लिक्सला वर्षानुवर्षं मोडतोड करत मिळालं. टीएसबीला ते प्रणाली सुरू झाल्यावर ग्राहकांकडून कळलं.

गंमत म्हणजे क्लाउड विकणाऱ्यालाही हे चित्र नेहमीच स्पष्ट असतं असं नाही. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या एका कर्मचाऱ्यानं दुरुस्तीसाठी काही सर्व्हर बंद करण्याची आज्ञा टाइप केली, ती चुकली आणि ठरल्यापेक्षा जास्त सर्व्हर बंद झाले. व्हर्जिनियातली एस-थ्री कित्येक तास कोलमडली. ग्राहक कंपनीच्या ‘सेवा सुरळीत आहेत का’ हे दाखवणाऱ्या पानाकडे वळले, तर तिथे बराच वेळ सगळं आलबेल. कारण त्या पानावरचे दिवे बदलण्याचं कामही एस-थ्रीवरच अवलंबून होतं.

मुंबईतून

मुंबई आणि पुणे क्लाउडच्या नकाशावर ठळक आहेत. मायक्रोसॉफ्टनं सप्टेंबर २०१५मध्ये भारतात क्लाउडची केंद्रं उघडली, त्यात पुणे आणि मुंबई होती, तिसरं चेन्नई. जून २०१६मध्ये ॲमेझॉन मुंबईत आलं, २०१७मध्ये गुगल. समुद्राखालच्या केबली मुंबईच्या किनाऱ्याला लागतात आणि बँका, विमा कंपन्या, शेअर बाजार ही मोठी गिऱ्हाइकं इथेच बसतात. एप्रिल २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेनं पैशांच्या व्यवहारांची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश काढला आणि सर्व्हर नेमका कोणत्या देशात आहे, हा प्रश्न तंत्रज्ञांच्या खोलीतून संचालक मंडळाच्या खोलीत गेला. २०२३च्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेनं माहिती-तंत्रज्ञानाची कामं बाहेर देण्याबद्दलचे निर्देश काढले. क्लाउडसाठी त्यात स्वतंत्र भाग आहे आणि सेवा देणाऱ्याला सोडून बाहेर कसं पडणार याची योजनाही आधीच तयार ठेवायची आहे. आत शिरतानाच बाहेरचा रस्ता विचारणं व्यवहाराला अनुसरून आहे, पण ती योजना खरी ठरायची तर आपल्या प्रणाली त्या क्लाउडच्या खास सोयींत किती गुरफटल्या आहेत हे ठाऊक असायला लागतं.

ते ठाऊक नसतं, असं रिझर्व्ह बँकेच्याच कागदांवरून दिसतं. २१ नोव्हेंबर २०२०ला एचडीएफसी बँकेच्या मुख्य डेटा सेंटरची वीज गेली आणि डिजिटल सेवा बंद पडल्या. डिसेंबरमध्ये बँकेला नवे डिजिटल उपक्रम आणि नवी क्रेडिट कार्डं थांबवायला सांगण्यात आलं. २४ एप्रिल २०२४ रोजी कोटक महिंद्र बँकेवर निर्बंध आले: ऑनलाइन मार्गानं नवे ग्राहक घ्यायचे नाहीत, नवी क्रेडिट कार्डं द्यायची नाहीत. त्या आदेशात त्रुटींची यादी आहे. प्रणालींतल्या सुधारणा आणि बदल कसे हाताळले जातात, कुणाला कुठवर प्रवेश आहे, पुरवठादारांपासूनची जोखीम, माहितीची गळती, आपत्तीनंतर पुन्हा उभं राहण्याचा सराव, असं बरंच काही त्यात आहे. बँकेची वाढ आणि तिच्या यंत्रणेची ताकद यांचा मेळ राहिला नाही, असाही आक्षेप आहे.

पण यादीची सुरुवात होते ती ‘आयटी इन्व्हेंटरी मॅनेजमेंट’पासून. आपल्याकडे कोणती यंत्रं आहेत, त्यांवर काय चालतं, कोणत्या आवृत्तीचं, कुणाच्या जबाबदारीवर. हे काम कुणाच्याही बायोडेटात शोभत नाही, त्याला पुरस्कार नसतात आणि नव्या मोबाइल ॲपच्या बजेटपुढे ते दरवर्षी मागे पडतं. बँकेनं बाहेरच्या तपासनीसांकडून परीक्षण करून घेतलं, सुधारणा दाखवल्या आणि फेब्रुवारी २०२५मध्ये निर्बंध उठले. मधल्या साडेनऊ महिन्यांत देशातल्या एका आघाडीच्या खासगी बँकेला ऑनलाइन नवा ग्राहक घेता आला नव्हता.